सुट्टीचा दिवस आणि मोकळी जमीन

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक चोपडी आहे. आमच्या किराणा दुकानात उधारी लिहायला अशा चोपड्या येत. त्यातलीच एक मी १९८९ च्या उन्हाळ्यात गल्ल्याशेजारून उचलली आणि तिच्यात क्रिकेटचे सामने लिहू लागलो. हरसूलच्या आमच्या संघाला नाव नव्हते, गणवेश नव्हता. बक्षीस म्हणजे हरलेल्यांनी जिंकलेल्यांना पाजलेला चहा. होळी झाली की खेळ सुरू व्हायचा आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की थांबायचा. सात उन्हाळे मी नोंदी ठेवल्या. एकूण एक्केचाळीस सामने, सगळे रविवारचे.

गेली वीस-बावीस वर्षे मी आमच्या भागाच्या इतिहासाचे कागद गोळा करतो आहे. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. संशोधनाची रीत कुणी शिकवली नाही. दुकान सांभाळून, एस.टी.ने नाशिकला जाऊन, १८४० पासून चालत आलेल्या तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसून जेवढे जमले तेवढे शिकलो. जुने दस्त, लग्नपत्रिका, देवस्थानच्या वर्गणीच्या याद्या असे बरेच काही जमवले. पण स्वतःच्या हाताने लिहिलेली ही चोपडी म्हणजेही एक दस्तऐवज आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते. गेल्या वर्षी माळ्यावरून ती खाली काढली आणि दुसऱ्याच्या वहीकडे जसे पाहतो तसे तिच्याकडे पाहिले. त्यातून जे दिसले ते सांगण्यासाठी हा लेख.

मात्र आमच्या चोपडीकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

हिंदुस्थानात क्रिकेट खेळल्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १७२१ ची आहे. क्लेमंट डाउनिंग नावाच्या इंग्रज खलाशाने ती करून ठेवली. त्याचे पुस्तक १७३७ मध्ये लंडनला छापले गेले. गंमत अशी, की ते पुस्तक क्रिकेटचे नाहीच. त्याच्या लांबलचक नावात आपल्या कान्होजी आंग्र्यांचा उल्लेख आहे, अर्थात 'चाचा' म्हणून. खंभातच्या आखातात जहाज थांबून राहिले असताना खलाशी रोज किनाऱ्यावर क्रिकेट खेळत आणि भोवतालचे कोळी लोक ते बघायला येत, असे तो लिहितो. आमच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ते किनाऱ्यावरचे कोळी एक नव्हेत. तरीही ही नोंद वाचताना मी थांबलो. या देशातल्या क्रिकेटच्या पहिल्याच पानावर खेळणारे कोण आणि कडेला उभे राहून बघणारे कोण, याची वाटणी झालेली आहे.

ती वाटणी पहिल्यांदा मोडली मुंबईच्या पारशी पोरांनी. किल्ल्याबाहेरच्या मैदानावर गोऱ्या शिपायांचा खेळ बघून त्यांनी नक्कल सुरू केली. उंच टोपीच्या यष्ट्या, छत्रीची बॅट, जुन्या चामड्यात चिंध्या भरून शिवलेला चेंडू. आमच्याकडे धुण्याचे धोपटणे बॅट व्हायचे, त्याच जातीचा हा प्रकार. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. तो फार टिकला नाही, पण १८५० मध्ये झोरोस्ट्रियन क्लब आला आणि मग क्लबांची रांगच लागली. हिंदूंचा पहिला क्लब, बॉम्बे युनियन, १८६६ चा. ही मंडळी व्यावसायिक नव्हती. विद्यार्थी, कारकून, दुकानदार. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी जमायचे, खेळायचे, घरी जायचे. आजच्या भाषेत हौशी संघ.

हौशी खेळाला दोनच गोष्टी लागतात. एक मोकळी जमीन आणि एक मोकळा दिवस. बॅट फळीची चालते, चेंडू चिंध्यांचा चालतो. पण या दोन गोष्टींना पर्याय नाही. आणि या दोन्ही गोष्टी आपल्याकडे कुणी आपणहून दिलेल्या नाहीत, त्या भांडून मिळवाव्या लागल्या आहेत.

जमिनीचे भांडण पारशांनी केले. १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, तो फक्त युरोपीयांसाठी. तिथल्या साहेबांना पोलो खेळायचा असे; पण घोड्यांच्या टापांनी स्वतःची हिरवळ कशी खराब करायची? म्हणून पोलो चाले सार्वजनिक मैदानावर, जिथे शेकडो देशी पोरे क्रिकेट खेळत. आठवड्यात दोन संध्याकाळी मूठभर लोक घोडे दौडवायचे आणि उरलेले दिवस सगळ्यांनी खड्ड्यांत खेळायचे. चेंडू टप्पा पडून कुठे जाईल याचा भरवसा राहिला नाही. १८८१ पासून अर्जविनंत्या सुरू झाल्या. एकदा निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, पुढे तो फिरवला गेला. या लढ्यातले एक पुढारी शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहून काढला. देशी माणसाने लिहिलेल्या क्रिकेटच्या पहिल्या इतिहासांत तो मोडतो, आणि त्यातली बरीच पाने धावांविषयी नसून जमिनीविषयी आहेत, हे मला फार बोलके वाटते. पुढे समुद्राकाठी भरावाची जागा देऊन वेगवेगळ्या जिमखान्यांची सोय झाली. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. जमीन मिळाली, पण धर्माधर्मांनी वाटून मिळाली.

आमच्या जिल्ह्यातही याची खूण आहे. नाशिकच्या मध्यभागातल्या मोठ्या मैदानाला आज हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे ते कान्हेरे. पण रिक्षावाल्याला विचाराल तर तो 'गोल्फ क्लब' म्हणेल. ते मैदान आधी कुणासाठी होते, हे त्या एका शब्दात राहून गेले आहे. आज तिथे पहाटे माणसे फिरायला येतात, पोरे टेनिस बॉलने खेळतात, आणि महाराष्ट्राचे रणजी सामनेही तिथे झाले आहेत.

आता दिवसाचे भांडण. ते क्रिकेटच्या पुस्तकांत सापडत नाही. त्यासाठी वाचनालयात दुसऱ्या कपाटाकडे जावे लागते. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली.

याच १८९० च्या जानेवारीत मुंबईत पारशी संघाने इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला हरवले. क्रिकेटचा इतिहास लिहिणारे त्या सामन्याला मोठे स्थान देतात, आणि ते योग्यच आहे. पण एकाच शहरात, एकाच वर्षात, पाच महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना मला एका पुस्तकात शेजारी शेजारी भेटल्या नाहीत. पुढे गिरणगावात चाळी-चाळींतून जी क्रिकेटची वेडी पिढी निघाली, तिला खेळायला रविवार मिळाला तो लोखंड्यांमुळे. माझ्या मते मुंबई क्रिकेटच्या इतिहासात त्यांच्या नावाचे एक पान असायला हवे.

तिसरी गोष्ट पाळवणकर बाळूंची. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टीची कामे करायचा. १८९२ च्या सुमारास तो युरोपीयांच्या पूना क्लबात गेला, पगार चार रुपये. खेळपट्टी लोळवायची, जाळी बांधायची, आणि साहेब सरावाला आले की गोलंदाजी टाकायची. ग्रेग नावाचे साहेब त्यांना बाद केल्यास दर वेळी आठ आणे द्यायचे असे सांगितले जाते. तासन् तास गोलंदाजी करून बाळू देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण पूना क्लबात त्याच्या हाती कुणी बॅट दिली नाही. हिंदूंच्या संघात आला तेव्हा मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला, तोवर बाळूचा खेळ जवळजवळ संपला होता.

हे सगळे मी वाचनालयात वाचत होतो तेव्हा चडफडत होतो. साहेब असे, उच्चवर्णीय तसे. मग चोपडी उघडली.

आमच्या मैदानाविषयी आधी सांगतो. हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या पुढे, गुजरातच्या सीमेकडे झुकलेले बाजाराचे गाव. भोवती महादेव कोळी, कोकणा, वारली यांचे पाडे. पिके भात, नागली, वरई, सगळी पावसावरची. पीक निघाले की पुढच्या पावसापर्यंत शेत मोकळे, आणि मोकळ्या शेतात कुणाचीही गुरे चरली तरी कुणी हाकलत नसे. त्याच रिवाजाच्या आधारे आम्ही एका मालकाच्या दोन सपाट खाचरांत खेळायचो. बांध म्हणजे सीमारेषा. खेळपट्टी खळ्यासारखी करायची. मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, चोपण्याने चोपायची आणि शेणाने सारवायची. चेंडू हिरवा टेनिसचा. फलंदाजाच्या मागे पळसाच्या झुडपात चेंडू गेला की दोन धावा ठरलेल्या, कारण शोधायला तेवढा वेळ लागायचाच.

संघात कोण होते? चोपडीत मी खेळाडूंची नावे लिहिलेली नाहीत, ओळख लिहिली आहे. 'मास्तर', 'धाकटे मास्तर', 'कंडक्टर', 'पोस्ट', 'बँक', 'दुकान' म्हणजे मी. आणि एक आहे 'पाड्यावरचा'. आमचा सगळ्यांत जलद गोलंदाज. आखूड धाव घेऊन असा चेंडू टाकायचा, की टेनिसचा चेंडूसुद्धा अंगठ्यावर बसला की रात्री झोप येत नसे.

मी एक्केचाळीस सामन्यांची आडवी-उभी टिपणे काढली. मास्तर, पोस्ट, बँक जवळजवळ प्रत्येक रविवारी हजर. कंडक्टर ड्युटी नसेल तेव्हा. 'पाड्यावरचा' चौदा सामन्यांत. त्या चौदांपैकी बारांत गोलंदाजीत सर्वांत जास्त बळी त्याचे. आणि फलंदाजी? चौदाही सामन्यांत त्याचे नाव शेवटी, अकराव्या ओळीत. बॅट हाती आली ती फक्त तीनदा. शेवटी एक नोंद सापडली, माझ्याच अक्षरात: 'पट्टी सकाळी पाड्यावरच्याने व त्याच्या भावाने चोपली. चहा आठ कप.' आम्ही अकरा होतो. कुणाला चहा मिळाला नाही ते चोपडीत नाही, आणि आठवत असूनही आठवत नाही असे म्हणण्याची सोय आता मला राहिली नाही.

तेव्हा आम्ही त्याच्याविषयी काय म्हणायचो ते आठवते. 'याचा भरवसा नाही, कधी येतो, कधी नाही.' तो का येत नाही हे समजायला आमच्या भागाचा कामाचा हिशेब मांडावा लागतो. भात-नागली झोडून झाली की पाड्यांवरची माणसे कामासाठी बाहेर पडतात. कुणी दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत, कुणी ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर. होळीला बहुतेक जण परत येतात. मग काही पुन्हा जातात, काही गावात राहून राब भाजणे, लाकूडफाटा, लग्नकार्य, बोहाडा यांत गुंततात आणि जवळपास मिळेल त्या मजुरीवर जातात. या वर्षभराच्या कामात रविवार नावाचा दिवसच नाही. मास्तरांना रविवार होता, पोस्टाला होता, बँकेला होता. मला कुणाची सुट्टी मागावी लागत नव्हती, कारण दुकान वडिलांचे होते. रविवार ठरवला तो आम्ही, आमच्या सोयीने, आणि ठरवताना इतर कुणाला विचारलेसुद्धा नाही. १८९१ चा तो कायदा कारखान्यांसाठी होता. शंभर वर्षांनंतरही तो आमच्या खाचरापर्यंत पोचलेला नव्हता.

गेल्या फाल्गुनात मी चोपडी घेऊन त्याच्या घरी गेलो. तो मला शेठ म्हणतो, मी त्याला अरे-तुरे करतो. वयाने तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. ओट्यावर बसून मी त्याला आकडे वाचून दाखवले. बळींचे आकडे ऐकून तो हसला. मग मी विचारले, "बाकीच्या रविवारी का यायचा नाहीस?"

"खाडा पडायचा, शेठ. एक दिवस गेलो नाही की मुकादम दुसरा माणूस लावायचा. तुम्ही मोठी मॅच म्हणून निरोप धाडायचे, त्या रविवारी खाडा करून यायचो."

म्हणजे आमच्या चौदा सामन्यांसाठी त्याने चौदा दिवसांची मजुरी सोडली होती. आम्ही सगळे पगारी सुट्टीत खेळत होतो.

"आणि बॅटिंग?"

"तुम्ही अकरावा लिहायचे. दहा जण आऊट व्हायच्या आत मॅच संपायची."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मीच विचारले, "मग कुठला दिवस चालला असता?"

"अमावास्या," तो लगेच म्हणाला. "त्या दिवशी कुणालाच काम नसतं."

हे उत्तर ऐकून मी चकित झालो ते स्वतःवर. दुकानदाराला अमावास्या कळू नये? गवंडी त्या दिवशी थापी धरत नाही, शेतावर मोठे काम काढत नाहीत. लासलगावच्या बाजारात अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथा कित्येक वर्षे होती. ज्यांना कुठला कायदा लागू नाही, त्यांनी स्वतःपुरती पंचांगातून काढलेली ही सुट्टी आहे. महिन्यातून एकदाच येणारी, बिनपगारी, पण त्या दिवशी गेले नाही म्हणून काम जात नाही. श्रद्धा म्हणा, अपशकुन म्हणा. कष्टकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो विश्रांतीचा दिवस आहे. आम्ही इतिहासात रविवार शोधत बसलो आणि शेजारच्या पाड्यावरची सुट्टी आम्हाला दिसली नाही.

जुन्या मंडळींपैकी काही नाशिकला स्थायिक झाली आहेत, दोघे आता नाहीत. आमच्या खाचरांपैकी एकात घरे उभी राहिली. दुसरे अजून शेत आहे, पण कुंपण झाले आहे. मालकाच्या मुलाकडे गेलो, कारण सांगितले. तो म्हणाला, "काका, पावसाच्या आधी खेळून घ्या, मग मला नांगरायचंय." वैशाखातल्या अमावास्येला सकाळी सात वाजता आम्ही जमलो. आम्ही पाच जुने, बाकी त्यांची-आमची पोरे, आणि पाड्यावरची आठ-नऊ माणसे. खेळपट्टी आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चोपली. माझ्या हाताला फोड आले. तीस वर्षांपूर्वी हे काम दुसऱ्याच कुणाच्या हातांनी का केले, ते त्या फोडांनी सांगितले.

चोपडीत कोरी पाने शिल्लक होती. त्यातल्या पहिल्यावर तारखेच्या जागी तिथी लिहिली. खाली खेळाडूंची ओळख न लिहिता पूर्ण नावे लिहिली, आडनावासकट, प्रत्येकाला विचारून. पहिल्या ओळीत त्याचे नाव आहे. ते इथे छापत नाही; चोपडीत आहे, तेवढे पुरे. सलामीला येऊन त्याने चार धावा केल्या आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने त्याचा त्रिफळा उडवला. परत येताना तो म्हणाला, "बॉल बघायची सवय नाही शेठ, टाकायची आहे." चहा बावीस कप झाला. तेही लिहिले.

एका सामन्याने जुना हिशेब फिटत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्या चौदा दिवसांची मजुरी कुठल्या खात्यात लिहावी, हे दुकानदार असूनही मला सुचलेले नाही. पण एक गोष्ट या खटाटोपातून हाती आली, ती वाचकांपुढे ठेवतो. आपल्याकडे क्रिकेटचा इतिहास म्हणजे धावा आणि बळी. गावोगावच्या हौशी संघांच्या अशा वह्या शेकड्याने असतील. त्यांत धावांखेरीजही बरेच काही असते. सामना कोणत्या दिवशी झाला, त्या दिवशी कोण येऊ शकले नाही, जमीन कुणाची होती, पट्टी कुणी केली. तेवढे चार प्रश्न त्या वहीला विचारले तरी गावाचा इतिहास बोलू लागतो.

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येचीच असते. त्याआधी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अशी एखादी वही खाली आली, तर रद्दीवाल्याला देऊ नका. आधी तिच्यातली अकरावी ओळ वाचा.